छत्री लहान करण्याआधी : अनुभवी स्कायडायव्हरला अनावृत पत्र



तुम्ही तुमची १३५ चौरस फुटांची कॅनोपी विकायला काढली आहे आणि १०७ ची शोधता आहात, असं कळलं. पत्र एकट्या तुम्हाला असतं तर खासगीत लिहिलं असतं. पण दोनशे-चारशे उड्या झालेल्या, सी लायसन्स हातात आलेल्या अनेकांनी कंटेनर माझ्या टेबलावर ठेवता ठेवता मला हेच विचारलं आहे : ‘यात १०७ बसेल ना?’ मी रिगर आहे. तुमची रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, उघडून तपासणं, पुन्हा घडी घालणं, पिनेवर लाल धागा बांधून सील लावणं हे माझं काम. कंटेनरमध्ये काय बसतं ते मी चटकन सांगू शकते. तुम्हाला ती कॅनोपी झेपेल का, हे मात्र तुम्ही विचारलेलं नसतं, आणि मला बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल.

आधी हिशेब मांडू. तुमचं वजन ७५ किलो, म्हणजे १६५ पौंड धरू. हार्नेस, दोन पॅराशूट, हेल्मेट, जंपसूट मिळून आणखी २५ पौंड. विमानाच्या दारातून बाहेर पडता तेव्हा तुम्ही १९० पौंडांचे असता. आपल्या खेळात विंग लोडिंग, म्हणजे कॅनोपीच्या दर चौरस फुटामागचं वजन, पौंड आणि चौरस फुटांतच मोजतात. १५० च्या कॅनोपीवर ते १.२७ होतं, १३५ वर १.४१, १२० वर १.५८ आणि १०७ वर १.७८. एकाच घडणीच्या कॅनोपीचा वेग लोडिंगच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे १५० वरून १०७ वर गेलात की वेग १८ टक्क्यांनी वाढला, हे सहन होण्यासारखं वाटतं. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि ती ४० टक्क्यांनी वाढलेली असते. जमिनीशी गाठ पडते तेव्हा तुमच्या मांडीच्या हाडाचा संबंध या दुसऱ्या आकड्याशी येतो.

हलक्या वजनाच्या मैत्रिणींसाठी यात एक वेगळी सूचना आहे, आणि ती त्यांना फारसं कोणी देत नाही. पन्नास किलो वजनाची मुलगी १०७ च्या कॅनोपीखाली असेल तर लोडिंग १.२६ च्या आसपास येतं. कागदावर ते अगदी सौम्य दिसतं. पण लहान कॅनोपीच्या दोऱ्याही आखूड असतात. आखूड दोऱ्यांची कॅनोपी तेवढ्याच लोडिंगच्या मोठ्या कॅनोपीपेक्षा कितीतरी झटकन वळते. १९० च्या कॅनोपीवर १.२६ आणि १०७ च्या कॅनोपीवर १.२६ यांना एकच समजणं हा धोक्याचा हिशेब आहे.

आपल्या घरच्यांची भीती वेगळ्या जागी असते. मराठी घरांमध्ये स्कायडायव्हिंग म्हटलं की पुण्याच्या शीतल महाजन आठवतात. २००४ साली त्यांनी थेट उत्तर ध्रुवावर आयुष्यातली पहिली उडी घेतली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये थायलंडमध्ये त्या नऊवारी नेसून उडी मारून आल्या. त्या बातम्या वाचताना घरोघरी एकच प्रश्न निघाला असेल : पॅराशूट उघडलंच नाही तर? तुमच्या आईनंही तुम्हाला हेच विचारलं असेल, आणि तुम्ही रिझर्व्हबद्दल, ऑटोमॅटिक यंत्राबद्दल सांगून तिची समजूत घातली असेल. ती समजूत खोटी नव्हती. पॅराशूट न उघडण्याच्या भीतीवर गेल्या पन्नास वर्षांत माणसांनी खरोखर उत्तरं शोधली आहेत.

बिल बूथ यांची थ्री-रिंग घ्या. १९७० च्या दशकातली ही युक्ती तुमच्या खांद्यावर आजही जशीच्या तशी आहे. तीन कड्या, प्रत्येक कडी पुढच्या कडीवर येणारा भार कमी करत जाते, आणि शेवटी माणसाचं अख्खं वजन दोरीच्या एका बारीक फासावर आणि पिवळ्या केबलवर तोललेलं असतं. केबल ओढली की बिघडलेलं मेन पॅराशूट एका क्षणात सुटून जातं. त्याआधी मेन सोडायची म्हणजे दोन्ही खांद्यांवरच्या पकडी वेगवेगळ्या उघडाव्या लागत. मग जर्मनीत हेल्मुट क्लोथ यांनी आपल्या मित्राच्या मृत्यूनंतर ‘सायप्रेस’ हे यंत्र घडवलं आणि १९९१ पासून ते विकलं जाऊ लागलं. एक्स्पर्ट मॉडेल ७५० फुटांच्या खाली सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगानं पडणाऱ्या माणसाच्या रिझर्व्हचा फास स्वतः कापतं. बेशुद्ध झालेले, उंचीचं भान हरपलेले कितीतरी जण या यंत्रामुळे आज जिवंत आहेत.

अमेरिकेत १९७० च्या दशकात या खेळात वर्षाला सरासरी चाळीसहून अधिक माणसं मरत. २०२३ मध्ये तिथे सुमारे ३६.५ लाख उड्या झाल्या आणि १० मृत्यू झाले. एवढी सुधारणा फार थोड्या साहसी खेळांनी करून दाखवली आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो. पण याच बूथ यांनी सांगितलेला एक नियम आपल्या खेळात सगळ्यांना ठाऊक आहे : साधनं जितकी सुरक्षित होतील तितके स्कायडायव्हर जास्त धोका पत्करतील. साधनं सुधारली आणि आपण कॅनोपी लहान करत गेलो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हवा न झिरपणारं कापड आलं, पाठोपाठ कडेला निमुळत्या होत जाणाऱ्या एलिप्टिकल कॅनोप्या आल्या, आणि अपघातांच्या अहवालांत एक नवा प्रकार ठळक होत गेला. पूर्ण उघडलेली, एकही दोरी न तुटलेली कॅनोपी डोक्यावर असताना झालेला मृत्यू. त्यात नवशिक्यांपेक्षा शेकडो, कधी हजारो उड्या झालेली माणसं अधिक दिसतात.

अशा एका अपघातानंतरची साधनं मी तपासली आहेत. रिझर्व्हचं सील शाबूत होतं. सायप्रेस सुरू होतं आणि त्याला काम करण्याचं कारणच पडलं नव्हतं. थ्री-रिंग स्वच्छ, मेनच्या सगळ्या दोऱ्या जागच्या जागी. नोंदवहीत लिहिण्यासारखा एकही दोष मला सापडला नाही. माणूस गेला होता. त्यानं जमिनीजवळ एक वळण घेतलं होतं, बस्स.

म्हणून त्या वळणाबद्दल सविस्तर लिहिते. टॉगल, म्हणजे ब्रेकच्या दोरीची मूठ, खाली खेचला की पंखाची ती बाजू मागे रेंगाळते, कॅनोपी कलते आणि तुम्ही तिच्याखालून बाहेरच्या बाजूला फेकले जाता. ६० अंशांच्या वळणात दोऱ्यांवरचा भार जवळपास दुप्पट होतो. तुमची १०७ ची कॅनोपी त्या क्षणी ३८० पौंड पेलत असते आणि तशीच वेगानं खाली येत असते. टॉगल वर सोडला म्हणून ती लगेच सरळ होत नाही. ती नाक खाली करून वेग घेते, मग तुम्ही सावकाश पुन्हा तिच्याखाली येता, आणि मग कुठे ती सपाट उडू लागते. या मधल्या प्रवासात जेवढी उंची खर्च होते तो तुमचा रिकव्हरी आर्क. प्रशिक्षणातल्या मोठ्या, चौकोनी कॅनोपीचा आर्क आखूड असतो, चूक झाली तरी ती स्वतःच सावरते. वेगवान कॅनोपी तर लांब आर्कसाठीच घडवलेली असते, कारण स्वूप करणाऱ्याला, म्हणजे जमिनीलगत वेगानं तरंगत उतरणाऱ्याला, तोच वेग हवा असतो. तुमच्या कॅनोपीचा आर्क किती फुटांचा आहे, हे तुम्हाला पाठ आहे का? अल्टिमीटर बघत, ३,००० फुटांवर, पुन्हा पुन्हा मोजलेला आकडा?

आता माझा मुद्दा ऐका. बहुतेक घातक वळणं स्वूपच्या हौसेपोटी घेतली जात नाहीत, असं माझं मत आहे. ती दचकून घेतली जातात. १५० फुटांवर लक्षात येतं की वारा फिरला आहे आणि आपण वाऱ्याबरोबर उतरतो आहोत. किंवा समोर कुंपण दिसतं, किंवा उजवीकडून दुसरी कॅनोपी येते. १९० च्या कॅनोपीवर शंभर उड्यांत हाताला जी सवय लागली तीच सवय तेव्हा उफाळून येते आणि हात टॉगल खाली ओढतो. मोठ्या कॅनोपीवर त्या सवयीनं फार तर गुडघे खरचटले असते. १०७ वर ते माफ होत नाही.

या क्षणी काय करायचं याचा क्रम तुम्ही पहिल्याच अभ्यासक्रमात शिकला आहात. पंख सपाट ठेवायचा. जागा मोकळी हवी. मग पूर्ण फ्लेअर, म्हणजे दोन्ही टॉगल खाली खेचणं, आणि दोन्ही पाय जुळवून पीएलएफ, म्हणजे पॅराशूट लँडिंग फॉल. वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उतरणं या क्रमात फार खाली येतं. वाऱ्याबरोबर उतरलात तर धावावं लागेल, पडाल, लोळाल, कदाचित घोटा मोडेल. घोटा जुळून येतो. अनुभवी मंडळी पीएलएफ विसरतात, उभ्यानं उतरणं म्हणजेच कौशल्य समजतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. वळावंच लागलं तर ब्रेकमधलं सपाट वळण घ्या : दोन्ही टॉगल अर्ध्यावर आणायचे आणि मग एक थोडा वर सोडायचा किंवा दुसरा थोडा आणखी खाली घ्यायचा. कॅनोपी फारशी न कलता, फारशी उंची न गमावता दिशा बदलते. ही कृती इतक्या वेळा करायला हवी की दचकल्यावर हात आपोआप तीच करतील. ती तुमच्या हातात बसली आहे का, ते तुम्हालाच माहीत.

ज्यांना खरंच स्वूप करायचं आहे त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे. कॅनोपी पायलटिंग ही एफएआय या आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघाच्या जागतिक स्पर्धांतली स्वतंत्र शाखा आहे आणि तिथले खेळाडू तळ्याच्या पाण्यावरून जे करून दाखवतात ते पाहताना अंगावर काटा येतो. पण त्यांची वळणं वरून, ठरलेल्या उंचीवरून, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सुरू होतात, आणि उंची चुकली तर वळण सोडून देण्याची त्यांची तयारी असते. मोसमात तीस-चाळीस उड्या घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्यांची कॅनोपी उचलून त्यांचा सराव मागे ठेवणं बरोबर नाही.

जमिनीलगतच्या वळणाइतकंच महत्त्व वरच्या गिरकीला आहे. लहान एलिप्टिकल कॅनोपी उघडताना हार्नेसमधल्या तुमच्या कमरेचं वजन ओळखते. एक मांडी दुसरीपेक्षा खाली राहिली तरी ती त्या बाजूला वळते, दोऱ्यांना पीळ बसतो आणि ती गरगर फिरत खाली येते. फिरताना शरीर बाहेर फेकलं जातं, हात हँडलपर्यंत नेणं जड होतं, उंची पाण्यासारखी जाते. सी आणि डी लायसन्सवाल्यांसाठी अमेरिकेच्या पॅराशूट संघटनेनं (यूएसपीए) मेन सोडण्याच्या निर्णयाची उंची १,८०० फूट सांगितली आहे. पीळ सोडवण्याच्या नादात ती ओलांडू नका. आणि सायप्रेस आहे म्हणून निर्धास्त राहू नका : मेन उघडी असताना गिरक्या घेत खाली येण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटरच्या आत राहू शकतो, मग यंत्राच्या दृष्टीनं सगळं ठीक असतं. उलट टोकाची चूकही होते. विद्यार्थ्यांचं सायप्रेस सेकंदाला १३ मीटरवरच काम करतं. असं यंत्र बसवलेला जुना कंटेनर विकत घेऊन कोणी वेगवान कॅनोपीनं जमिनीजवळ जोराचं वळण घेतलं, तर मेन उघडी असतानाच रिझर्व्हचा फास कापला जाऊ शकतो. सेकंडहँड कंटेनर घेताना आत कोणतं मॉडेल आहे ते रिगरकडून पाहून घ्या.

रिझर्व्हबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. मेन लहान झाली की तुम्हाला लहान, पाठीला चिकटून बसणारा कंटेनर हवासा वाटतो, आणि लहान कंटेनरमध्ये रिझर्व्हही लहानच बसते. १९० पौंडांच्या माणसाला ११३ ची रिझर्व्ह बांधताना माझे हात अडखळतात. रिझर्व्ह ज्या दिवशी लागते त्या दिवशी उतरणारे तुम्ही आजच्यासारखे नसता. खांदा निखळलेला असू शकतो. तुम्ही बेशुद्ध असू शकता, आणि मग ब्रेक अडकवलेल्या स्थितीतच, फ्लेअरशिवाय, ती तुम्हाला झाडांत किंवा पार्किंगमध्ये उतरवेल. रिझर्व्हवरच्या लेबलावर कमाल वजन छापलेलं असतं. ते वाचा आणि त्याच्या बरंच आत राहा. कमी जागा घेणाऱ्या कापडाच्या रिझर्व्ह आता मिळतात, परफॉर्मन्स डिझाइन्सची ऑप्टिमम त्यातलीच. त्याच कंटेनरमध्ये एक आकार मोठी बसते. पैसे जास्त पडतात, पण नव्या मेनपेक्षा आधी ते इथे घाला.

सध्याच्या मेनकडेही बघा. तुमच्या अनेकांच्या दोऱ्या स्पेक्ट्राच्या आहेत. स्लायडरच्या कड्या दरवेळी त्यांच्यावरून घासत खाली येतात, त्या उष्णतेनं स्पेक्ट्रा आकसतो, आणि बाहेरच्या व ब्रेकच्या दोऱ्या सर्वांत जास्त आकसतात. मग दोन्ही टॉगल वर असतानाही कॅनोपीचा मागचा काठ किंचित खाली ओढलेला राहतो, ती एका बाजूला वळू लागते, उघडताना दिशा सोडते. ‘माझी १३५ आता मंद वाटते, जोर उरला नाही’ असं तुम्ही म्हणता, तेव्हा मला आधी ब्रेकच्या दोऱ्या मोजाव्याशा वाटतात. नव्या दोऱ्या ओवून घेतल्यावर तीच कॅनोपी पुन्हा जिवंत झालेली मी पाहिली आहे. व्हेक्ट्रान आणि एचएमए आकसत नाहीत, पण झिजून तुटतात, त्यांची मुदत पाळावी लागते. आणि थ्री-रिंग महिन्यातून एकदा सुटी करा, रायझरचे पट्टे हातानं वाकवून मऊ करा, पिवळी केबल पुसा. माझ्याकडे येणाऱ्या कंटेनरपैकी कितीतरींच्या केबलवर काळा थर असतो. त्या थरामुळेच हँडल ओढायला जड जातं.

परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना आणखी एक सांगायचं आहे. तुम्ही सुट्ट्यांनुसार ठिकाणं बदलता. दुबईच्या पाम जुमेराहला समुद्रसपाटीवर उतरणारी कॅनोपी कोलोराडोतल्या लाँगमाँटला, सुमारे ५,००० फूट उंचीवर, उन्हाळ्याच्या दुपारी विरळ हवेत दहा टक्क्यांहून जास्त वेगानं येते. आर्कही लांबतो. पाममध्ये मोजलेली उंची तिथे चालत नाही. शिवाय चार-पाच महिने कामात आणि भारतभेटीत गेलेले असतात, त्या काळात एकही उडी नसते. नोंदवहीतली एकूण संख्या बघून कॅनोपी निवडू नका, गेल्या तीन महिन्यांतल्या उड्या बघा.

मग लहान कॅनोपी घ्यायचीच नाही का? घ्या. अनुभवी स्कायडायव्हर बिल व्हॉन नोव्हाक यांनी आकार कमी करण्यापूर्वीची एक कसोटी मांडली होती आणि मला ती आजही सर्वांत प्रामाणिक वाटते. सध्याच्या कॅनोपीवर जमिनीजवळ सपाट वळण घेता येतं का? फ्लेअर करता करता दिशा बदलता येते का? आडव्या वाऱ्यात, वारा नसताना, हलक्या उतारावर उतरता येतं का? दहा मीटरच्या वर्तुळात हमखास उतरता येतं का? मागच्या रायझरवर उतरता येतं का? कॅनोपी प्रशिक्षक ब्रायन जर्मेन यांचा हिशेबही हाताशी ठेवा : शंभर उड्यांना लोडिंग १.० आणि पुढच्या प्रत्येक शंभराला ०.१ ची वाढ. तुमच्या चारशे उड्यांना ते १.३ होतं. तुमची आताची १३५ च त्याच्या पुढे आहे.

तेव्हा या मोसमात १३५ च्या दोऱ्या बदलून घ्या. एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाकडे कॅनोपीचा वर्ग करा, लायसन्ससाठी एकदा केलेला वर्ग पुरत नाही. प्रत्येक उतरणं कोणाकडून तरी चित्रित करून घ्या आणि संध्याकाळी बघा. वरची कसोटी एकेक करून पार पडली की १२० ची डेमो कॅनोपी मागवा, ती वर ३,००० फुटांवर उडवून तिचा आर्क मोजा, मग उतरवा. १०७ चं पुढे बघू. तोवर तुमची १३५ विकू नका.

कळावे,
आपली,
तुमची रिझर्व्ह बांधणारी एक रिगर